कमरेएवढ्या उंचीचा चेंडू

सर, तुम्ही गेल्याला परवा महिना होईल आणि आपलं भांडण अजून अर्धंच आहे. म्हणून लिहितेय. तुमच्याबद्दल चांगलं बोलायला बाकीचे भरपूर आहेत. आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमधल्या शोकसभेत तुमच्या फोटोला एवढे हार घातले होते, की हनुवटी दिसत नव्हती. मला सारखं वाटत होतं, आता तुम्ही म्हणाल, "धुत्, बाजूला करा ते. कोर्ट दिसत नाहीये मला."

मला एकच गोष्ट डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. त्या सकाळी तुमच्या टोपलीतून एक चेंडू घरंगळला, तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानं वाकलात आणि मी वाकले नाही. मी दोन पावलांवर उभी होते, सर. वाकले नाही.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मला ते एकदा माझ्या तोंडानं सांगायचंय.

माझे वडील बडा बाजारात गलाईचं काम करतात. लोकांचं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. गाव खानापूर तालुक्यातलं, घर हावड्यात दोन खोल्यांचं. त्यांनी माझं नाव कांचन ठेवलं, आमच्या घरचं सोनं तेवढंच. मंडळाच्या गणपतीत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मी पहिली आले, तेव्हा तुम्ही वडिलांना गाठलंत. "हिची नजर लिंबावरून हलत नाही. ही मला टेनिसला द्या."

वडील म्हणाले, "मास्तर, तिथं बूट लागत असतील."

"बूट मिळतील."

बूट मिळाले. कुणा डॉक्टरच्या मुलीचे, पुढे कापूस भरलेले. रॅकेट कुणाची तरी. शाळेची पुस्तकंसुद्धा मागच्या वर्षीच्या मुलांची, समोर उत्तरं आधीच लिहिलेली. आणि तुमच्या टोपलीतले चेंडू. लव उडालेले टकले, अर्धे टकले, दाबले तर बोट आत जाणारे, मधेच एखादा कोरा करकरीत. कुठला कसा उसळेल याचा नेम नाही. बारा वर्षांची मी सकाळच्या लाँचनं नदी ओलांडून यायचे आणि तासभर त्या टकल्या चेंडूंच्या मागे धावायचे. पलीकडच्या कोर्टावर दुसऱ्या कोचची मुलं पिवळेजर्द नवे चेंडू मारायची. तेव्हाच मनात एक गाठ बसली, की सर आपल्याला फुकट शिकवतात म्हणून आपल्याला हे उरलेले चेंडू. तुम्हाला कधी विचारलं नाही. गरिबाच्या पोरांना असले प्रश्न विचारायची लाज वाटते, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं ती धरूनच चालतात.

बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. वडिलांनी ती फ्रेम करून भट्टीसमोर लावली, धुरानं तिची काच पिवळी पडलीय. एस्प्लनेडच्या एका ऑफिसात तीन वर्षं काढली, शनिवार-रविवार तुमच्या कोर्टावर मुलांची तुकडी घेतली. एका रांगेत बारा मुलं, प्रत्येकाला चार चेंडू, पुढचा. ते मला जमायचं. मग मागच्या पावसाळ्यानंतर तितिरचे बाबा येऊन म्हणाले, "मॅडम, माझ्या मुलीला एकटीला शिकवाल? आठवड्यातून चार दिवस." मी ऑफिस सोडलं. तुम्ही तेव्हा गुडघ्यामुळे घरीच होतात. फोनवर मी विचारलं होतं, "सर, एकाच मुलीशी तासभर बोलायचं काय?"

तुम्ही म्हणालात, "बोलायचं नाही. बघायचं."

मी दोन्ही केलं नाही, सर. मी घाबरले.

बारा मुलांत कोचची चूक वाटली जाते. एकाला थोडी, दुसऱ्याला थोडी. एकाच मुलीसमोर उभं राहिलं, की ती सगळी तिच्याच अंगावर पडते, आणि मागे जाळीला नाक लावून तिचा बाप उभा असतो. तितिर अकरा वर्षांची, काटकुळी, घट्ट दोन वेण्या. चुकलं की बाबांकडे बघायची. तिनं तिकडे बघितलं की मीही बघायचे. पहिले पंधरा दिवस आम्ही दोघी त्या माणसाच्या चेहऱ्यावर टेनिस खेळत होतो.

तिसऱ्या आठवड्यात मला गंमत सापडली. तितिरच्या उजव्या हाताला, दीड हात लांब, तिच्या कमरेएवढ्या उंचीवर चेंडू आला, की ती असा काही फटका मारायची की कोर्टावरचे माळीकाका मान वर करून बघायचे. आणि चेंडू तिथेच टाकणं मला जमत होतं. चाळीसातले चाळीस. तुमच्या टकल्या चेंडूंनी माझा हात असा तयार केला होता, की नवा चेंडू मी डोळे मिटून त्या जागी ठेवू शकत होते. मी नव्या चेंडूंचे डबे घेतले. डबा उघडताना होणारा तो फुस्स आवाज आणि तो रबराचा वास. लहानपणी मी तो पलीकडच्या कोर्टावरून घ्यायचे. मनाशी म्हटलं, माझी मुलगी कुणाचं उरलेलं वापरणार नाही.

तितिरचे बाबा मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागले. तितिर हसायला लागली. आणखी दोन आया चौकशी करून गेल्या.

मग एका सकाळी तुम्ही आलात. बेहालाहून रिक्षानं, हातात ती वेताची टोपली. बाकावर बसून दहा मिनिटं बघितलंत. मी त्या दिवशी एकही चेंडू चुकवला नाही.

"सुंदर," तुम्ही म्हणालात.

मी फुगले.

"पण खेळतंय कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे खेळतेयस तू, कांचन. ती नुसती रॅकेट फिरवतेय. जिथे ती उभी आहे तिथे तू चेंडू नेऊन देतेयस. सामन्यात समोरची पोरगी असा नैवेद्य दाखवेल का?" आणि टोपली पुढे सरकवलीत. "उद्यापासून हे घे."

त्या चेंडूंकडे बघून मला काय झालं कोण जाणे. तितिरचे बाबा जाळीपाशी होते. त्यांना मराठी कळत नाही, पण मला वाटलं त्यांना टकले चेंडू कळतात.

"सर, मी यांच्यावर शिकले, कारण आम्हाला नवे परवडत नव्हते. तिच्या बापाला परवडतात."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या तोंडात काहीतरी आलं होतं, मी पाहिलं. तुम्ही ते गिळलंत. "बरं," एवढंच म्हणालात. टोपली उचलताना कलली, एक चेंडू घरंगळला. पुढचं वर लिहिलंच आहे.

पहिला सामना तीन आठवड्यांनी होता. समोरची मुलगी तितिरपेक्षा बुटकी, मार असा काही नाही. एक चेंडू लांब, एक आखूड, एक कंबरडं मोडल्यासारखा खाली, एक डोक्यावरून. तितिर जागेवर उभी. खरंच सांगते सर, ती चेंडू यायची वाट बघत होती. कुणीतरी तो आणून देईल म्हणून. शून्य-सहा, शून्य-सहा. अर्ध्या तासात आटोपलं. दुसऱ्या सेटमध्ये तिनं बाबांकडे बघणं सोडलं आणि माझ्याकडे बघायला लागली. सामन्यात कोचनं बोलायचं नसतं. बोलायची मुभा असती, तरी काय बोलले असते?

तिचे बाबा शांतपणे म्हणाले, "मॅडम, व्हिडिओत तर इतकी छान मारते." मग म्हणाले, "पुढची स्पर्धा दोन महिन्यांनी आहे. तेव्हाही असंच झालं तर टेनिस बंद. अभ्यासाकडे लक्ष देऊ दे." तितिर गाडीत बसली होती. काच वर होती, पण तिला ऐकू गेलं. तिनं रॅकेट पायाखाली सरकवली.

मी तुम्हाला फोन करायला हवा होता. तीन आठवडे केला नाही. नवे चेंडू टाकत राहिले, कारण आता तितिर इतकी घाबरली होती की तिला बरं वाटावं म्हणून तरी मी तेच देत होते. स्वतःला असं सांगायचे.

तुमच्या घरून काकूंनी कळवलं की तुमची तब्येत बरी नाही, तेव्हा आले. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. आपण काय काय बोललो, आठवतं? मेट्रो बेहालापर्यंत आली ते. मंडळाच्या गणपतीत यंदा उकडीचे मोदक कोण करणार ते. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. आणि मी उठणार तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "तुझी चिमणी कशी खेळतेय?"

"मस्त," मी म्हटलं. "मस्त खेळतेय, सर."

तुम्ही मान हलवलीत. बारा दिवसांनी, दुपारच्या झोपेत, तुम्ही गेलात. तुमच्याशी माझं शेवटचं वाक्य खोटं आहे.

आता शोकसभेतलं ऐका, तुम्हाला मजा येईल. तुमचा जुना विद्यार्थी आला होता, अनिंद्य, आता डॉक्टर. बालीगंजमधलं खानदानी घर आणि भलं मोठं पोट. बंगालीत बोलला, पण सगळ्यांना कळलं. म्हणाला, "माझ्या बाबांनी सरांना नव्या चेंडूंचे सहा डबे आणून दिले. सरांनी आभार मानले, डबे घरी नेले. पुढच्या आठवड्यात तेच चेंडू माझ्यासमोर आले, मुंडण करून! बाबा भांडायला गेले, 'हे माझे चेंडू नव्हेत.' सर म्हणाले, 'तुमचेच आहेत. हजामत माझी आहे.'"

हॉल हसला. मी खुर्ची धरून बसले.

सगळे पांगल्यावर काकूंबरोबर तुमच्या घरी गेले. विचारलं, "काकू, सर नवे चेंडू घासायचे?"

"ये," त्या म्हणाल्या आणि मला मागच्या गॅलरीत घेऊन गेल्या. खरबरीत सिमेंटच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, ताटाएवढा एक भाग गुळगुळीत झाला होता. चमकत होता. खाली तुमचा मोढा, बसायचं ते वेताचं बुटकं आसन. कोपऱ्यात पोपटी लव, कापसासारखी.

"कितीही झाडलं तरी निघतेच ती," काकू म्हणाल्या. "जेवण झालं की इथे बसायचे. मला म्हणायचे, तू शेंगा सोल, मी चेंडू सोलतो. आपलं वर्षानुवर्षं तेच. निम्मे घासायचे, निम्मे तसेच ठेवायचे. मी म्हटलं, अहो, चांगले चेंडू कशाला नासता? तर म्हणाले, पोरांना सगळे सारखे मिळाले, तर ती चेंडूकडे बघणारच नाहीत."

"सगळ्याच मुलांसाठी?"

"मग? तुझ्यासाठी जरा जास्तच. म्हणायचे, तिची नजर चांगली आहे, तिला फसवायला मेहनत पडते."

सर, तुम्ही त्या सकाळी हेच गिळलंत का? एक वाक्य लागलं असतं. "कांचन, ते उरलेले नव्हते गं." तुम्ही बोलला नाहीत म्हणून मला तुमचा राग येतो. अजूनही येतो. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या मास्तरानं एवढं साधं उत्तर लिहू नये? मी मात्र इतकी वर्षं तुमची मेहनत म्हणजे माझी गरिबी, असं समजत आले. मोठेपणी, पदवी घेऊन, चारचौघांत ते तुमच्या तोंडावर फेकलं. आणि तुम्ही मला चूक ठरवायच्या ऐवजी "बरं" म्हणालात.

निघताना काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तू गेल्यावर मला म्हणाले, कांचन खोटं बोलली. आणि हसले. म्हणाले, म्हणजे तिला कळलंय."

"काकू, टोपली नेऊ?"

"विचारतेस काय. दारात पायात येते."

दुसऱ्या दिवशी तितिरला बाकावर बसवलं. हातात रॅकेट दिली नाही. म्हटलं, "तू हरलीस ना, ती चूक माझी."

"तुमची कशी मिस? तुम्ही तर खेळलाच नाहीत."

"रोज मीच खेळत होते. सगळे सोपे चेंडू दिले तुला. फटके चांगले दिसावेत म्हणून." आणि तिला तुमची गोष्ट सांगितली. गॅलरी, भिंत, हजामत, सगळं.

ती हसली नाही. वेणीचं टोक चावत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी चांगली नाहीये?"

सर, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, ते शोधायला मला वेळ नव्हता. मी म्हटलं, "माहीत नाही. अजून आपण दोघींनी पाहिलंच नाही."

मग टोपली. पहिल्या सकाळी तिनं वीस चेंडूंतले पंधरा नेटमध्ये घातले, तीन रॅकेटच्या काठावर घेतले, दोन तिला लागलेच नाहीत. रडली. जाळीमागून बाबा म्हणाले, "मॅडम, हे जुने चेंडू कशाला? मी नवे आणून देतो, सांगा ना." ऐकताना माझे कान गरम झाले. हेच वाक्य मी तुमच्यावर फेकलं होतं, फक्त भाषा वेगळी.

"नकोत," मी म्हटलं.

"पण ती आधीपेक्षा वाईट खेळतेय."

"हो."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. रोज सकाळी तो माणूस हाताची घडी घालून उभा, आणि रोज मी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलीला चुकायला लावायचे. माझा हात सारखा कमरेच्या उंचीकडे जायचा. एकदा गेलाच. नववा की दहावा दिवस होता. बाबांनी घड्याळ बघितलं, मला भीती वाटली, आणि मी टोपलीतला एक नवा चेंडू उचलून तिच्या त्या आवडत्या जागी ठेवला. खण्णकन फटका. बाबांची मान वर झाली, हात खिशातल्या मोबाइलकडे गेला.

तितिर मात्र नेटपर्यंत चालत आली. हळूच म्हणाली, "मिस, हा मुद्दाम दिलात ना?"

मी टोपलीतले चेंडू उगाच चाळायला लागले.

"असले नको." आणि बेसलाइनवर परत जाऊन वाकून उभी राहिली. पहिल्यांदाच वाकून, सर. टाचा उचललेल्या. नजर माझ्या चेहऱ्यावर नाही, बाबांवर नाही, माझ्या हातातल्या चेंडूवर. टकला आहे की लवेचा, तेवढंच ती बघत होती. मला लिंबू-चमचा आठवला.

काल सामना झाला. आदल्या दिवशी सरी पडल्यामुळे माती जड होती. मी जाळीबाहेर, बाबांपासून चार हातांवर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. समोरची मुलगी डावखुरी, हुशार. पहिला सेट दोन-सहा. दुसऱ्यात तितिर एक-चार अशी मागे, आणि मग एक चेंडू आला. मेलेला, सपाट, उजव्या कोपऱ्यात, उसळलाच नाही. असा तुमच्या टोपलीत निळ्या शाईची खूण असलेला एक आहे बघा. तितिर मी कधी न बघितलेल्या चार पावलांत तिथे पोचली आणि घोट्याच्या उंचीवरून तो उचलून पलीकडे टाकला. फटका कसला तो, नुसता कलथा घातल्यासारखा. पण गेला पलीकडे. पुढचाही गेला. त्याच्या पुढचाही. ती धावत होती, सर. पाच-पाचपर्यंत ओढलं तिनं.

हरली. दोन-सहा, पाच-सात.

बाहेर आली तेव्हा गुडघ्यापर्यंत माती. रडत नव्हती. तिचे बाबा पुढे झाले. त्यांच्या हातात एक पिशवी होती, तिच्यात नव्या चेंडूंचा डबा. जिंकली तर द्यायला आणला असणार. हरल्यावर त्याचं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. तितिरनं तो त्यांच्या हातून घेतला, फुस्सकन उघडला, एक चेंडू काढून हुंगला आणि क्लबच्या ऑफिसच्या भिंतीपाशी जाऊन बसली.

"मिस, किती वेळ घासायचं?"

"अगं, नवे आहेत ते!" बाबा ओरडले.

"म्हणून तर," ती म्हणाली. तिचं घासणं सुरूही झालं होतं.

तिच्या बाबांनी डब्याचं झाकण उचलून पिशवीत टाकलं. मग मला म्हणाले, "सोमवारी सहा, की सव्वासहा?"

"सहा," मी म्हटलं. "पाऊण तास ती खेळेल. पंधरा मिनिटं घासेल."

आज रविवार. दुपारी जेवण झाल्यावर मी आमच्या हावड्याच्या गच्चीत कठड्याला टेकून बसले, समोर तुमची टोपली आणि नवा डबा. वडील म्हणाले, "हे काय करतेस?" मी म्हटलं, "गलाई." ते गेले हसत. एका चेंडूची लव जायला किती घासावं लागतं, मला कल्पना नव्हती, सर. मनगट भरून येतं. मग कोपर. चौथ्या चेंडूला मी थांबले, बोटं उघडमीट केली, परत बसले. तुमचा गुडघा दुखायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं, तुम्ही सांगायचात. हाताबद्दल कधी बोलला नाहीत.

दुखत असणार.